हेडफोनमधली गुणगुण: दुरुस्तीला टाकण्याआधी

प्रश्न : लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून वायर काढून घरच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडली, की स्पीकर सतत गुणगुणतात. नुसते हेडफोन लावले तर काही नाही. बिघाड नेमका कशात?

बहुधा दोन्हींत नाही. चार्जर बोर्डातून काढून बघा. बॅटरीवर गुणगुण थांबली, तर हा ग्राउंड लूप. चार्जरही अर्थला जोडलेला, अ‍ॅम्प्लिफायरही. त्यात ऑडिओ केबलच्या बाहेरच्या जाळीने दोघांना आणखी एकदा जोडलं. या फेऱ्यातून फिरणारा बारीकसा प्रवाह आवाजात मिसळतो. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून ही गुणगुण 50 किंवा 100 हर्ट्झची, अगदी खर्जातली.

आधी दोन्ही यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा; पुष्कळदा तेवढ्यात भागतं. नाहीच भागलं, तर ग्राउंड लूप आयसोलेटर घ्या. या डबीत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात; आवाज पलीकडे जातो, पण तारांचा थेट संबंध तुटतो. अगदी स्वस्त डबी खर्ज खाते, डग्ग्याची घुमारी पातळ होते. चार्जरची अर्थची जाड पिन कापण्याचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. गुणगुण जाईल, पण ती पिन तुमच्या जिवासाठी आहे.

प्रश्न : हेडफोनमध्ये घर्रर्र येते आणि लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावला की कमी होते. कधी कधी हाताला मुंग्याही येतात.

आता प्रश्न लॅपटॉपपेक्षा घराच्या वायरिंगचा झाला. चार्जरमधले फिल्टरचे कपॅसिटर थोडासा प्रवाह अर्थकडे सोडतात. अर्थ नसेल किंवा चार्जर दोन पिनांचाच असेल, तर लॅपटॉपचं अंग 230 व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतं. प्रवाह अगदी किरकोळ, म्हणून मुंग्यांवर निभावतं. बोर्डाला तिसरं भोक आहे म्हणजे मागे अर्थची वायर आहेच, असं जुन्या घरांत गृहीत धरू नका. वायरमनकडून तपासून घ्या. सणसणीत झटका बसला, तर तो चार्जर लगेच बंद करा.

प्रश्न : माउस हलवला किंवा पान सरकवलं की कानात किर्र होतं.

मदरबोर्डवर प्रोसेसरची कामाची धडपड आणि आवाजाचं नाजूक सर्किट शेजारी-शेजारी नांदतात, त्याचा हा परिणाम. आधी साउंड सेटिंगमध्ये माइकचा आवाज हेडफोनमध्ये ऐकवण्याची सोय चालू राहिली आहे का पाहा, माइक बूस्टही शून्यावर आणा. तरीही किर्र राहिली, तर यूएसबीचं छोटं साउंड कार्ड घ्या: आवाज लॅपटॉपबाहेर येईपर्यंत डिजिटलच राहतो, मग मदरबोर्डची कुरकुर त्यात सहसा शिरत नाही. टाइप-सीचं डोंगल घेताना आत डॅक (डिजिटल आवाजाचं अ‍ॅनालॉग लहरींत रूपांतर करणारी चिप) आहे ना, हे विचारा. नुसत्या तारा जोडणारी डोंगलं बहुतेक लॅपटॉपवर चालत नाहीत.

प्रश्न : गाणं सुरू होताना ‘टक्’, संपल्यावर थोड्या वेळाने पुन्हा ‘टक्’.

ऑडिओ चिप वीज वाचवायला झोपते आणि उठते, एवढंच. ड्रायव्हरमधली पॉवर सेव्हिंग बंद करा. लिनक्सवर साउंड ड्रायव्हरची पॉवर-सेव्ह किंमत शून्य ठेवा. बॅटरीला थोडा भुर्दंड पडेल.

प्रश्न : गायिकेचा आवाज गायब, मागचं संगीत मात्र विहिरीतून आल्यासारखं. हेडसेटचं बटण दाबून धरलं की सगळं ठीक!

त्या बटणानेच रोग सांगितला. पिनचा ग्राउंडचा, म्हणजे दोन्ही कानांच्या सामायिक परतीच्या तारेचा, संपर्क तुटला आहे. मग कानात डाव्या-उजव्या आवाजांतला फक्त फरक उरतो, आणि मधोमध रेकॉर्ड केलेला गळा त्यात वजा होतो. पिन पूर्ण आत जाते का बघा. जाड कव्हर किंवा जॅकमधला कचरा पुरेसा असतो. हेडसेट फार जुना असेल, तर त्याच्या चार कड्यांपैकी माइक आणि ग्राउंडच्या जागा उलट असू शकतात. तेव्हा अदलाबदल करणारा अ‍ॅडॅप्टर लागतो. जॅक साफ करायचा तर लॅपटॉप बंद करा, पिनला आयसोप्रोपिल अल्कोहोलचं बोट लावा, आत-बाहेर फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. सुई किंवा टाचणी मात्र आत घालू नका, आतल्या पट्ट्या वाकतात.