रोबोट स्पर्धेसाठी शिक्षणाची ठेव मोडावी का?

प्रश्न: माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाडची तयारी करताहेत. किट, सरावाची चटई, प्रवेश फी आणि निवड झालीच तर परदेश प्रवास, यासाठी तिच्या उच्च शिक्षणाची मुदत ठेव मोडू का?

ताई, ठेव मोडू नका. किट मात्र जरूर घ्या, महिन्याच्या बचतीतून.

मुदतीआधी मोडल्यावर व्याज घटतं, पण मला जास्त काळजी वेळेची वाटते. कॉलेजची फी चार वर्षांवर आली आहे. एवढी रक्कम पुन्हा साठवायला तेवढे महिने पुरतीलच असं नाही.

तुम्ही चारही खर्च एकत्र धरलेत, पण ते एका जातीचे नाहीत. कंट्रोलर (रोबोटचा मेंदू), मोटर, सेन्सर नीट वापरले तर पुढच्या वर्षीही कामाला येतात. रोबोट ज्या छापील चटईवर धावतो, तिच्यावरची कामं दर हंगामात बदलतात, म्हणून चटई एका वर्षाचीच. तिची फाइल आयोजक देतात, छापून घ्या. फी आणि प्रवासातून मागे वस्तू उरत नाही.

सगळ्यात मोठं किट घ्यायची घाई नको. रोबोमिशन गटात, म्हणजे रोबोट चटईवर स्वतःहून कामं करतो त्या गटात, सुरुवातीला रोबोट २५ सेंटिमीटरच्या घनात मावावा लागतो, जादा तुकडे डब्यातच राहतात. आधी नियमावली वाचा, मग यादी करा.

एका सराव वर्गात पाहिलेली गोष्ट सांगते. काळ्या रेषेवरून धावणारा रोबोट संध्याकाळी दिवे लागले की रेषा सोडायचा. पालक नवा सेन्सर आणायला निघाले. मुलींनी सेन्सरची पांढऱ्यावरची आणि काळ्यावरची वाचनं पुन्हा घेतली, प्रोग्रॅममधला एक आकडा बदलला आणि रोबोट रेषेवर आला! बिघाड कुठे आहे हे मुली शोधेपर्यंत पाकीट उघडू नका. त्या शोधण्यातच त्यांचं शिक्षण आहे, आणि त्यासाठी हा खर्च मला पटतो.

तीन घरं पैसे घालणार असाल तर किट शेवटी कोणाकडे राहील, हे आजच कागदावर लिहा. माझ्या मुलाच्या संघात हे कोणी बोललं नव्हतं. हंगाम संपल्यावर कंट्रोलर एकाकडे, मोटर दुसऱ्याकडे, केबल तिसऱ्याकडे गेल्या आणि एकाही घरात रोबोट चालेना. त्याचं मला अजून वाईट वाटतं. एका घराने किट ठेवून बाकी दोघांना घसारा वजा करून पैसे द्यावेत, नाहीतर पुढच्या हंगामासाठी सामायिक ठेवावं.

प्रवासासाठी आजपासून वेगळं आवर्ती खातं उघडा, कर्ज काढू नका. निवड झाली आणि रक्कम अपुरी पडली तर शाळेकडे आणि प्रायोजकांकडे मुलींनी स्वतः रोबोट घेऊन जावं. निवड नाही झाली तर खात्यातली रक्कम शिक्षणाच्या ठेवीत टाका. बक्षीस किंवा शिष्यवृत्ती मिळेल असं धरून मात्र एक पैसाही खर्च करू नका.