डॉग शोला न्यायचं नसेल तर लॅबच्या (लॅब्रॅडॉरच्या) पिल्लाला केसीआयचे कागद कशाला?

तुम्ही लिहिलंय की एकाकडे लॅबचं पिल्लू १५ हजारात मिळतंय बिनाकागदाचं, दुसऱ्याकडे ३५ हजारात केसीआयच्या, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाच्या, कागदांसकट, तुम्हाला डॉग शो करायचा नाही, ब्रीडिंग करायचं नाही, घरात लहान मुलं आहेत त्यांच्यासाठी हवंय, मग वरचे २० हजार कशाला घालायचे. माझं मत स्पष्ट आहे, ब्रीडचं पिल्लू पैसे मोजून घेणार असाल तर कागद बघूनच घ्या, आणि शोला जायचं नसेल तर जास्तच बघा. शोवाल्यांच्या ओळखी असतात, कुणाची लाइन म्हणजे वंश कसा, कुणाच्या कुत्र्यांचे पाय गेले हे त्यांना तोंडपाठ असतं. तुमच्याकडे त्या कागदाशिवाय दुसरं काय आहे?

आधी कागद कशाला म्हणतात ते बघा, कारण बरेच जण लसीकरणाचं बुक हातात ठेवतात आणि म्हणतात हे घ्या पेपर्स. ते बुक वेगळं, त्याचा पेडिग्रीशी, म्हणजे वंशावळीशी, काही संबंध नाही. पेडिग्री सर्टिफिकेट म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं, ही १८९६ पासूनची संस्था, ऑफिस चेन्नईला. त्यावर पिल्लाचं नोंदलेलं नाव, ब्रीड, रंग, नर की मादी, जन्मतारीख, रजिस्ट्रेशन नंबर, मायक्रोचिप नंबर, ब्रीडरचं नाव, मालकाचं नाव आणि मागच्या तीन पिढ्या असतात. म्हणजे आईबाप दोन, आजीआजोबा चार आणि त्यांच्या वरचे आठ, असे १४ पूर्वज नावानिशी. मला विचाराल तर अख्ख्या कागदात कामाचं तेच आहे.

आता लॅबचंच घ्या. लॅबमध्ये हिप डिस्प्लेशिया भरपूर दिसतो, म्हणजे खुब्याचा सांधा नीट बसत नाही, कुत्रा वाढीला लागला की मागून लंगडायला लागतो, जिने चढेनासा होतो आणि पुढे सांध्याची झीज. यात खाणं, वजन, व्यायाम हेही धरावं लागतं पण मोठा भाग आईबापाकडून येतो. आणि दोन महिन्यांच्या पिल्लाकडे बघून ते कुणालाच कळत नाही, डॉक्टरलाही नाही, दोन महिन्यांचं प्रत्येक पिल्लू गोडच दिसतं. अंदाज येतो तो आईबापाच्या एक्सरेवरून, जो कुत्रा किमान वर्षाचा झाल्यावर काढतात आणि त्याला ए ते ई अशी ग्रेड देतात, ए म्हणजे उत्तम. तसंच डोळ्यांचा पीआरए म्हणून आजार आहे, पडदा हळूहळू निकामी होऊन कुत्रा आंधळा होतो. लॅबमध्ये त्याचा जो प्रकार जास्त दिसतो त्यात आई आणि बाप दोघंही वाहक असले, स्वतः ठणठणीत दिसत असले, तरी प्रत्येक पिल्लाला चारात एक एवढा धोका असतो, आणि आईबापाची डीएनए टेस्ट करून हे आधीच कळतं. पण टेस्ट कुणाची मागणार? बाप कोण हेच माहीत नसेल तर रिपोर्ट कुणाचा बघणार? कागद असला की तुम्ही त्या नावावर बोट ठेवून म्हणू शकता, या नराचा हिपचा एक्सरे दाखवा. ब्रीडरने केलेलाच नसेल तर तेही तिथल्या तिथे कळतं.

आमच्या ओळखीतल्या एका घरी असंच बिनाकागदाचं लॅब आलं, दहाव्या महिन्यात मागचे पाय ओढायला लागलं, ऑपरेशन झालं, आणि त्या घरच्यांना आजपर्यंत माहीत नाही की त्याचे आईबाप कोण आणि बाकीच्या भावंडांचं काय झालं, कारण विकणाऱ्याने पिल्लं तिसऱ्याकडून आणलेली आणि आता तो फोन उचलत नाही. पोरं रडून रडून अर्धी झाली होती, मला ते अजून आठवतं तसं वाईट वाटतं. म्हणून एवढं मोठं लिहितोय.

दुसरी गोष्ट इनब्रीडिंग, म्हणजे जवळच्या नात्यातल्या कुत्र्यांचं मेटिंग. सख्ख्या भावाबहिणीचं मेटिंग करून झालेल्या पिल्लांचा इनब्रीडिंगचा आकडा २५ टक्के येतो, बाप आणि लेक असेल तरी तेवढाच, सावत्र भावंडं असतील तर साडेबारा. एका गल्लीत दोन-तीन कुत्र्यांवर धंदा चालवणारे हे सर्रास करतात. कागदावर हे साध्या डोळ्यांनी दिसतं, आईबाप आणि आजीआजोबांच्या नावांत एकच नाव आईकडूनही येतंय आणि बापाकडूनही येतंय असं दिसलं की विचारा. लाइन ब्रीडिंग म्हणून, म्हणजे जरा लांबच्या नात्यात, जाणते ब्रीडर ठरवून थोडं करतात हे खरं, पण मग का केलं ते सांगतातही.

पण कागद म्हणजे हेल्थ सर्टिफिकेट नव्हे हे नीट ध्यानात ठेवा, हा गैरसमज ब्रीडरच पसरवतात. एफसीआयशी (केनेल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी) संलग्न, केसीआय रजिस्टर्ड, चॅम्पियन ब्लडलाइन, हे सगळं असलेलं पिल्लूही आजारी निघू शकतं, क्लब ब्रीडरने दिलेल्या माहितीवर नोंद करतो, प्रत्येकाच्या घरी येऊन बघत नाही. खोटे कागदही असतात, एका पिल्लाचे कागद दुसऱ्याला लावलेलेही असतात. त्याला उपाय चिप. तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेपाशी कातडीखाली टोचतात, १५ आकडी नंबर. तुमच्या ओळखीच्या डॉक्टरकडे स्कॅनर असेल तर पिल्लू स्कॅन करा आणि नंबर कागदावरच्या नंबराशी आकडा आकडा जुळवा, पैसे त्याच्यानंतर.

आणि हो, एक गोष्ट ऐकली की तिथून उठायचं. "कागदासकट हवं तर ३५, बिनाकागदाचं तेच २०." अहो एकाच लिटरची, म्हणजे एका वेळी झालेल्या सगळ्या पिल्लांची, नोंद एकत्र होते, आईबाप दोघांचं रजिस्ट्रेशन असेल तर सगळ्या पिल्लांचं होतं आणि त्याची फी पिल्लाच्या किमतीपुढे किरकोळ आहे. त्याच पिल्लाचे असे दोन भाव सांगणारा एकतर कागद कुठून तरी दुसरीकडून आणणार आहे नाहीतर कागदाच्या नावाने पैसे उकळतोय. तसंच "कागद मागून कुरिअर करतो". लिटर नोंदवल्यावर सर्टिफिकेट यायला वेळ लागतो हे खरं आहे, पण मग नोंदणीच्या अर्जाची पोच दाखवा म्हणा, आईबापाची ओरिजिनल सर्टिफिकेट दाखवा म्हणा, ती तर त्याच्याकडे आज असलीच पाहिजेत. डबल बोन, हेवी बोन, इम्पोर्ट लाइन हे बाजारातले शब्द आहेत, कुठल्याही कागदावर असा रकाना नसतो. इम्पोर्ट म्हणत असेल तर आजोबा-पणजोबांच्या नावापुढे बाहेरच्या क्लबचा नंबर दिसेल, नसेल तर विषय संपला.

जन्मतारखेचंही तसंच. २०१७ च्या डॉग ब्रीडिंगच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी पाहिजे. प्रत्यक्षात तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं पिशवीत घालून देतात, "दीड महिन्याचं झालं साहेब" म्हणून. इतक्या लवकर आईपासून तोडलेलं पिल्लू चावरं, घाबरट निघायची शक्यता जास्त, पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाची भीती वेगळीच. तारीख लिहिलेली असली की तुम्ही दिवस मोजू शकता.

एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा, आपला कारवान, ही इकडचीच शिकारी कुत्र्यांची जात. सोलापूर, सांगली, लातूरकडे आणि पलीकडे कर्नाटकात मुधोळच्या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या पाळणारी माणसं आहेत, केसीआय त्याला कारवान हाउंड म्हणतं, बरेच लोक मुधोळ हाउंड म्हणतात, २००५ मध्ये टपाल खात्याने त्याचं तिकीट पण काढलं. तिथे चांगल्यातल्या चांगल्या कुत्र्यालाही कागद नसतो पण मालक तुम्हाला आई दाखवतो, बाप शेजारच्या वस्तीवर आहे तिथे घेऊन जातो, आजी कुणाच्या घरची होती ते सांगतो. असा माणूस भेटला तर मी बिनाकागदाचं पिल्लू डोळे झाकून घेईन. तरीही या लोकांनी नोंदणी करावी असं मला मनापासून वाटतं, कारण शर्यतीसाठी ग्रेहाउंडशी क्रॉस करणं वाढलंय आणि म्हातारी माणसं गेली की कोण शुद्ध कोण क्रॉस हे सांगणारं कुणी उरणार नाही.

आणि ब्रीडचा हट्ट नसेल, मुलांना फक्त कुत्रा हवा असेल, तर शेल्टरमधून देशी पिल्लू आणा, कागद नको नि ३५ हजार पण नकोत, महापालिकेच्या लायसन्सला रेबीजची लस लागते, पेडिग्री कुणी विचारत नाही. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, खरंच उत्तम कुत्री असतात.

३५ हजारवाल्याकडे जाणार असाल तर फोनवर आधीच विचारा की आई घरातच आहे ना आणि दोघांचे हिपचे रिपोर्ट आहेत का. नाहीत म्हणाला तर तेही पिल्लू त्या किमतीचं नाही, दुसरा ब्रीडर शोधा, दोन-चार महिने थांबायला लागलं तर थांबा. घेतलंच तर ओनरशिप ट्रान्सफरच्या फॉर्मवर त्याची सही त्याच दिवशी घ्या, नाहीतर पिल्लू तुमच्या घरात आणि क्लबच्या रेकॉर्डला मालक अजून तोच असं होतं, आणि नंतर सहीसाठी किती हेलपाटे घालावे लागतील सांगता येत नाही.