दिनविशेष लिहिणाऱ्या तरुण मित्रास

प्रिय मित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

क्रीडा-दिनविशेषासाठी तू निवडलेली १५ नोव्हेंबर ही तारीख मला पसंत आहे, पण 'या दिवशी सचिन तेंडुलकर कसोटीत पहिल्यांदा फलंदाजीला उतरला' हे मसुद्याचे पहिले वाक्य बदलावे लागेल. १५ नोव्हेंबर १९८९ रोजी कराचीच्या नॅशनल स्टेडियमवर सोळा वर्षांच्या सचिन तेंडुलकरचा पहिला कसोटी सामना सुरू झाला, हे खरे. परंतु पाकिस्तानने प्रथम फलंदाजी केल्यामुळे त्या दिवशी तो मैदानात उतरला तो क्षेत्ररक्षणासाठी. वकार युनूसने १५ धावांवर त्याचा त्रिफळा उडवला, तो पाकिस्तानचा ४०९ धावांचा डाव आटोपल्यानंतर, दुसऱ्या दिवशी. कसोटी पाच दिवसांची असते आणि दिनविशेषांतल्या बऱ्याच चुका याच कारणाने होतात.

वानखेडेवरच्या सचिनच्या अखेरच्या कसोटी सामन्याचेही तसेच आहे. तो १४ नोव्हेंबर २०१३ रोजी सुरू झाला आणि निरोपाचे भाषण १६ तारखेला झाले. मात्र वेस्ट इंडीजच्या नरसिंग देवनारायणच्या चेंडूवर स्लिपमध्ये डॅरेन सॅमीने झेल घेऊन ७४ धावांवर सचिनची शेवटची खेळी संपवली, ती नेमकी १५ नोव्हेंबरलाच. भाषणाचा मोह आवर आणि या झेलावर थांब.

दहा वर्षांनी त्याच मैदानावर, त्याच तारखेला, विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात विराट कोहलीने न्यूझीलंडविरुद्ध ११७ धावा करून एकदिवसीय क्रिकेटमधले पन्नासावे शतक पूर्ण केले, सचिनचा ४९ शतकांचा विक्रम मागे टाकला आणि प्रेक्षागृहात बसलेल्या सचिनकडे पाहून मान लववली. हा प्रसंग तू नीट लिहिला आहेस, पण ५७ धावांत ७ बळी घेणाऱ्या मोहम्मद शमीला अर्धेच वाक्य दिले आहेस. भारताच्या ३९७ धावा होऊनही न्यूझीलंडने बराच वेळ धाकधूक कायम ठेवली होती. सामना ७० धावांनी जिंकता आला त्यात शमीचा वाटा फार मोठा होता.

जागा हवी असेल, तर इतर खेळांतल्या ज्या घटना केवळ तारीख जुळली म्हणून शेवटी जोडल्या आहेस त्या, माझ्या मते, खुशाल काढ. त्याऐवजी सलील अंकोलाविषयी लिही. सोलापुरात जन्मलेला हा वेगवान गोलंदाज कराचीत सचिनबरोबरच कसोटीत पदार्पण करत होता. समोर वकारचीही ती पहिलीच कसोटी होती. वकारने पुढे कसोटीत ३७३ बळी मिळवले, सचिन २०० कसोटी खेळला, आणि अंकोलाच्या वाट्याला तेवढी एकच कसोटी आली.

तुझा शुभचिंतक