विज्ञानकथा मालिकेचं स्पिन-ऑफ (म्हणजे त्याच जगातली नवी मालिका) येणार म्हटलं की चाहते इतके उतावळे का होतात?

कारण ते जग आधीच ओळखीचं असतं आणि कधीकधी मागणीही चाहत्यांचीच असते. 'स्टार ट्रेक: डिस्कव्हरी'च्या दुसऱ्या सीझनमध्ये (२०१९) अ‍ॅन्सन माउंटचा कॅप्टन पाइक इतका आवडला, की त्याच्यावर वेगळी मालिका काढा म्हणून लोक हात धुऊन मागे लागले. २०२२ मध्ये 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' आली.

पण मूळ मालिकेची पुण्याई फार दिवस पुरत नाही. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'ची पूर्वकथा सांगणारी 'कॅप्रिका' २०१० मध्ये एकाच सीझनमध्ये आटोपली. उलट 'स्टार वॉर्स'च्या जगातल्या 'अँडोर'ची आधी फारशी हवा नव्हती, आणि (माझ्या मते तरी) तीच सगळ्यांत सरस निघाली. तेव्हा ट्रेलर बघून नाचण्याआधी लेखक कोण आहे ते बघा. 'अँडोर'मागे 'बॉर्न' चित्रपटांचा लेखक टोनी गिलरॉय होता.