बाहेर नेलं तरी पिल्लू घरातच शू करतं, असं का?

“तासभर बाहेर फिरवतो, तेव्हा थेंबभरसुद्धा नाही. आणि घरात पाऊल टाकलं रे टाकलं की सोफ्याच्या मागे! मुद्दाम करते हो ही.” नवं पिल्लू आणलेल्या घरांतून हे गाऱ्हाणं माझ्याकडे सतत येतं. हे जोडपंही तेच घेऊन आलं होतं. पिल्लू अकरा आठवड्यांचं, मादी. दुसरी तक्रार क्रेटची, म्हणजे पिल्लाला झोपायला ठेवायच्या जाळीच्या पिंजऱ्याची होती. हौसेनं आणलेल्या त्या क्रेटमध्ये ठेवलं की ती रडून घर डोक्यावर घ्यायची. दोघांचीही झोप उडालेली, आणि ‘आपल्याला हे झेपणार नाही’ इथपर्यंत बोलणं आलेलं. (घर ओळखू येईल असे तपशील मी इथे बदलले आहेत.)

ती घरात शू करते तेव्हा तुम्ही काय करता, हा माझा पहिला प्रश्न असतो. नवऱ्यानं सरळ सांगितलं, “तिथे नेऊन दाखवतो, ओरडतो, आणि मग थोडा वेळ क्रेटमध्ये टाकतो. त्याशिवाय कळणार कसं?”

मी त्यांच्या घरी गेले. पिल्लू खेळता खेळता थांबलं, नाक जमिनीला लावून गोल फिरू लागलं आणि मागचे पाय वाकवून बसलं. तेवढ्यात तिची नजर नवऱ्याकडे गेली. लगेच उठली, कान मागे पाडून दुडक्या चालीनं पडद्यामागे गेली आणि तिथे मोकळी झाली.

म्हणजे ती शिकली होती, फक्त आपल्याला हवं ते नव्हे. ‘गालिच्यावर शू करायची नाही’ हे तिला समजलंच नव्हतं. ‘माणसासमोर शू केली की संकट’, एवढं मात्र पक्कं समजलं होतं. आता तिचं बाहेरचं वागणं बघा. गळ्यात पट्टा, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला तोच माणूस, तोही टक लावून बघतोय. ती कशी बसणार? बिचारी तासभर दाबून धरायची आणि घरात आडोसा मिळाला की सुटका करून घ्यायची. तिच्या बाजूनं पाहिलं तर यात काहीच चूक नाही.

“पण तिला कळतं ना! आम्ही आलो की चेहराच सांगतो,” बायको म्हणाली. या चेहऱ्यावर अभ्यास झालेला आहे. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कुत्र्यांचा तो ‘अपराधी’ चेहरा खरोखर चूक केल्यावर जास्त दिसला नाही. मालक रागावला की जास्त दिसला, मग कुत्र्यानं काही केलेलं असो वा नसो. आपल्याला वाटतो तो पश्चात्ताप, पण ती असते भीती. काही मिनिटांपूर्वीच्या डागाचा आणि आत्ताच्या ओरडण्याचा संबंध पिल्लाला लागत नाही.

म्हणून पहिलं काम, ओरडणं पूर्ण बंद. अपघात झाला तर मुकाट्यानं पुसायचं. समोरच बसताना दिसली तर शांतपणे उचलून बाहेर. पुसायला एन्झाइमचं क्लीनर वापरा, कारण आपल्या नाकाला न येणारा वास तिला येतो आणि ती पुन्हा तिथेच जाते. अमोनिया असलेलं काही नको, त्याचा वास लघवीसारखाच असतो.

दुसरं म्हणजे वेळ. या वयाचं पिल्लू दिवसा जागेपणी फार तर दोन-तीन तास धरू शकतं, खेळात असलं तर त्याहून खूप कमी. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर थोड्या वेळात आणि खेळ थांबला की बाहेर न्यायचंच. या जोडप्याला मी रोज एकाच जागी जायला सांगितलं. लांब पट्टा, तोंड दुसरीकडे, गप्प उभं राहायचं. तिचं पूर्ण झालं की त्याच क्षणी, तिथेच खाऊ. घरात येऊन दिलेला खाऊ हा घरात येण्याचा खाऊ ठरतो. आणि शू झाली की लगेच परत फिरू नका, ही गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. शू केली की मजा संपते हे ओळखून पिल्लू ती लांबवायला लागतं. आधी काम, मग भटकंती. लसीकरण पूर्ण व्हायचं असेल तर अनोळखी कुत्रे वावरतात ती जागा टाळा. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचा धोका खरा आहे.

क्रेटचा प्रश्नही याच गाठीतला होता. शिक्षा म्हणून जिथे कोंडलं जातं तिथे पिल्लू झोपणार कसं? शिवाय ती पुढे मोठी होईल म्हणून क्रेट भला मोठा आणलेला. पिल्लू झोपायची जागा सहसा घाण करत नाही, क्रेटचा सगळा उपयोग त्यावरच उभा आहे. उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल एवढीच जागा हवी. जास्त असली तर एका कोपऱ्यात झोप आणि दुसऱ्यात शू. आम्ही मध्ये जाळी लावून जागा कमी केली. दार उघडं ठेवून जेवण आत द्यायला सुरुवात केली. ती आपणहून आत जाऊन लोळू लागली तेव्हा कुठे दार क्षणभर लोटलं. आत ठेवताना गळ्यातला पट्टा काढायचा, तो जाळीत अडकू शकतो. रात्री क्रेट बिछान्याच्या शेजारी आणला आणि रडणं बरंच ओसरलं. आईपासून तुटून आलेल्या जिवाला दुसऱ्या खोलीत एकटं ठेवणं मला कधीच पटलेलं नाही. रात्री मध्येच कुरकुरली तर दिवा न लावता बाहेर, काम झालं की परत आत. खेळ नाही, गप्पा नाहीत.

आधी फरक दिसला तो तिच्या नजरेत. बाहेर ती नवऱ्यासमोर शू करायला बसू लागली. घरातले अपघात मात्र हळूहळूच कमी झाले, पाहुणे आले त्या दिवशी तर सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं. हे असंच होतं. बऱ्याच पिल्लांना पूर्ण ताबा यायला सहा महिने, काहींना वर्षही लागतं. पण वारंवार थेंब थेंब होत असेल, लघवीत रक्त दिसत असेल किंवा नीट शिकलेलं कुत्रं अचानक घरात करू लागलं, तर आधी पशुवैद्य गाठा. मूत्रमार्गाचा संसर्ग सवयीनं बरा होत नाही.

शेवटच्या भेटीत नवऱ्यानं विचारलं, “आता क्रेट काढून टाकू का?” मी म्हटलं, राहू दे, दार उघडं ठेवून. उद्या प्रवास असेल, दवाखान्यात रात्र काढायची वेळ येईल, तेव्हा ही ओळखीची जागा तिच्या कामी येईल. दिवसभर बाहेर जायचं म्हणून मात्र तिला त्यात ठेवू नका. तेवढ्या वेळासाठी घरी येऊन बघणारं माणूस शोधा.