गाडी उचलायचीय? आधी वजनकाट्यावर न्या

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : नमस्कार सर, माझ्याकडे छोटी फोर बाय फोर आहे, पुढे-मागे सॉलिड एक्सल आणि कॉइल स्प्रिंग. टायर २७ इंची आहेत, २९ चे टाकायचेत, आणि पुढेमागे कधीतरी लोखंडी बंपर आणि विंच पण. कोण म्हणतं २ इंच लिफ्ट कर, कोण म्हणतं करतोच आहेस तर ४ कर, आणि एकजण म्हणाला नुसते स्पेसर टाक, काम होतं. नेमकं काय घेऊ?

उत्तर : प्रश्न चांगलाय पण शेपटाकडून सुरू केलाय तुम्ही, आणि त्यात तुमची चूक नाही कारण किटच्या खोक्यावर इंच मोठ्या अक्षरात असतात आणि स्प्रिंग किती वजनासाठी आहे ते असलंच तर कोपऱ्यात. आधी टायर ठरवा, मग वजन, मग स्प्रिंग, मग शॉकअप, इंच शेवटी आपोआप ठरतात.

टायर आधी का, तर सॉलिड एक्सलच्या गाडीत (दोन्ही चाकं एकाच अखंड एक्सलवर) लिफ्ट करून डिफच्या, म्हणजे एक्सलमधल्या गिअरच्या, गोळ्याखालची जागा एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. एक्सल टायरवर उभा, स्प्रिंग एक्सलच्या वर, मग स्प्रिंग उंच केली की वरची बॉडी उचलली जाणार, एक्सल जिथल्या तिथे. २७ चे २९ केले की डिफ १ इंच वर येतो आणि तेवढाच येतो. लिफ्टने मिळतं ते वेगळं, मोठा टायर मडगार्डला सहजासहजी घासत नाही, चढाच्या तोंडाशी पुढचा बंपर टेकत नाही आणि उंचवट्यावर पोट अडकत नाही. २९ च्या टायरला साधारण २ इंच पुरतात. ४ इंचाला गेलात की एक्सलला ताकद पोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचे (सांध्यांचे) कोन, स्टिअरिंगचे रॉड, ब्रेकचे पाइप असं एकेक करत सगळंच बदलावं लागतं, आणि गाडी आडव्या उतारावर कलंडायलाही लवकर तयार होते ते वेगळंच.

आता वजन, आणि माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे. समजा विंच (अडकलेली गाडी दोरीने ओढून काढायचं यंत्र) आणि बंपर मिळून ८० किलो, एक्सलच्या ८० सेंटीमीटर पुढे लटकलेले, आणि व्हीलबेस २.४ मीटर. मग पुढच्या एक्सलवर ८० नाही, जवळपास १०७ किलो पडतात आणि मागचा एक्सल २७ किलोनी हलका होतो, सीसॉसारखं. एका बाजूला आले साधारण ५३ किलो. स्प्रिंग जर २.५ किलोला १ मिलिमीटर दबणारी असेल तर गाडी पुढून २१ मिलिमीटर बसली, म्हणजे २ इंच लिफ्टमधला पाऊण इंचाहून जास्त तिथेच गेला! उलटंही होतं, आणि ते मी स्वतः केलंय, "पुढे विंच लावायचाच आहे" म्हणून जड स्प्रिंग आधीच टाकल्या आणि विंच यायला दीड वर्ष गेलं, तेवढे दिवस गाडी नाक वर करून प्रत्येक खड्ड्यावर बैलगाडीसारखी आदळायची, घरातले बसायला तयार नसायचे. म्हणून गाडी नेहमी जशी फिरते तशी, टाकी भरून, सामान आणि माणसांसकट काट्यावर न्या, पुढचा एक्सल वेगळा आणि मागचा वेगळा तोलून घ्या आणि त्या आकड्यावर स्प्रिंग मागा. आज जे वजन गाडीवर आहे त्याची स्प्रिंग घ्या, दोन वर्षांनी येणाऱ्या वजनाची नको.

स्पेसर वाईट नाहीत पण त्यांचं काम ओळखून वापरा. मूळ स्प्रिंगखाली स्पेसर, म्हणजे नुसती जाड चकती, टाकला की गाडी वर येते पण स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो, सामान भरलं की पूर्वीइतकीच बसणार. आणि शॉकअप जुनाच ठेवलात तर अजून एक गंमत, आधी चाकाला खाली लोंबायला समजा ९० मिलिमीटर होते, गाडी ५० नी वर गेली की उरले ४०. दगडावरून जाताना चाक खाली पोचतच नाही, हवेत फिरत राहतं. म्हणजे लिफ्ट करून ऑफरोडला गाडी आधीपेक्षा वाईट!

शॉकअपचं माप खोक्यावर बघून घेऊ नका, गाडीवर घ्या. चॅसिस भक्कम स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नाही, स्प्रिंग काढा, एक्सल जॅकनी उचलत बंपस्टॉप (एक्सल वर आपटू नये म्हणून असलेला रबर) पूर्ण दबेपर्यंत न्या आणि शॉकअपच्या वरच्या-खालच्या माउंटमधलं अंतर मोजा. शॉकअप पूर्ण मिटल्यावर त्याहून १५-२० मिलिमीटर तरी आखूड हवा, नाहीतर बंपस्टॉपचा मार शॉकअपच्या आतला पिस्टन खाणार आणि एक दिवस माउंटच उखडणार. जास्त लांब शॉकअप हवा असेल तर बंपस्टॉपही खाली उतरवा. मग एक्सल खाली सोडा आणि बघा आधी काय ताणलं जातंय, ब्रेकचा पाइप की एबीएसची वायर की प्रोपेलर शाफ्ट. शॉकअप त्याच्या आधी थांबला पाहिजे. आणि स्प्रिंग वरच्या बैठकीतून निसटत नाही ना तेही तेव्हाच बघा. शेवटी एक चाक पूर्ण वर आणि दुसरं पूर्ण खाली करून परत सगळं तपासा, कारण घासाघासी खरी त्या पोझिशनला होते.

शॉकअप ट्विनट्यूब (नळीत नळी) की मोनोट्यूब (एकच नळी) यावर लोक तासन्‌तास भांडतात. लांबच्या खडबडीत रस्त्यावर सलग जोरात पळवणार असाल तर मोनोट्यूब उष्णता लवकर बाहेर टाकतो, पण नळीला दगडाचा पोचा बसला की पिस्टन अडकतो, ट्विनट्यूबची बाहेरची नळी थोडा मार सोसते. हळूहळू दगड चढणार असाल तर चांगला ट्विनट्यूब भरपूर झाला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शॉकअपचं व्हॉल्व्हिंग, म्हणजे आतलं तेल किती अडवलं जातं ते, नव्या स्प्रिंगला जुळणारं हवं, स्प्रिंग कडक आणि शॉकअप मऊ असेल तर गाडी उड्या मारत राहते.

प्रश्न : माझ्या गाडीला पुढे रेडियस आर्म आहेत. २ इंच लिफ्ट केली, आता ८० च्या वर गेलं की गाडी डावी-उजवी पळते, स्टिअरिंग वळवल्यावर आपोआप सरळ येत नाही, वर स्टिअरिंग वाकडंच राहतं. मेकॅनिक म्हणतो अलाइनमेंट केलंय.

उत्तर : टो-इन (चाकांची तोंडं आत-बाहेर किती ते) केलं असेल, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन, त्यानेच स्टिअरिंग सरळ येतं) नाही. तुमच्या गाडीत चॅसिसपासून येणारा रेडियस आर्म एक्सलला घट्ट धरून असतो, त्यामुळे गाडी वर गेली की आर्म जितका फिरला तितका एक्सलही फिरतो. ८० सेंटीमीटरच्या आर्मला ५ सेंटीमीटर लिफ्ट म्हणजे साडेतीन अंश, मूळ कॅस्टर ३ च्या आसपास असेल तर संपलाच की तो. कॅस्टर करेक्शनचे ऑफसेट बुश (आर्मच्या सांध्यातले, भोक बाजूला सरकवलेले) किंवा आर्मचा मागचा ब्रॅकेट खाली आणणारा किट टाका. बुश पॉलीयुरेथेनचे मिळतात, टिकतात, पण रेडियस आर्मला मला रबरच आवडतो कारण चाकं वर-खाली होताना तिथे पीळ पडतो आणि कडक बुश तो पीळ जाऊच देत नाही. आणि स्टिअरिंग वाकडं आहे त्याचं कारण म्हणजे ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा रॉड) कोन बदललाय आणि पॅनहार्ड रॉडने (एक्सलला आडवा सरकू न देणारा रॉड) एक्सलही चॅसिसच्या माउंटकडे काही मिलिमीटर ओढून घेतलाय. ॲडजस्टेबल पॅनहार्ड टाकून एक्सल मध्यावर आणा, मग ड्रॅग लिंक जुळवा. फक्त एक लक्षात ठेवा, पॅनहार्ड आणि ड्रॅग लिंक शक्यतो समांतर राहिले पाहिजेत. एकाचं टोक खाली आणलं आणि दुसऱ्याचं तसंच ठेवलं तर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग हातातून झटका देणार.

प्रश्न : पाट्यांच्या स्प्रिंगची गाडी आहे. लांब शॅकल, जादा पाटा की ब्लॉक?

उत्तर : २ इंच लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारी हलती पट्टी) टाकला तर गाडी वर येते १ इंचच, आणि एक्सल गोल फिरतो, पुढे शॅकल कुठल्या टोकाला आहे त्यावर कॅस्टर सुधारतो नाहीतर बिघडतो. जादा पाटा वजन वाहायला बरा पण रिकामी गाडी कडक होते. ब्लॉक (पाटा आणि एक्सलमध्ये घालायचा ठोकळा) मागेच, एकावर एक दोन कधीच नाही, आणि पुढच्या एक्सलला अजिबात नाही, ब्रेक मारल्यावर तिथे जो पीळ पडतो तो ब्लॉकला झेपत नाही. यू-बोल्ट (पाटा एक्सलला आवळणारे) प्रत्येक वेळी नवेच घ्या आणि काहीशे किलोमीटरनी परत आवळा. बजेट असेल तर पूर्ण नवा पाट्यांचा सेट घ्या हे माझं मत. आणि हो, मागच्या एक्सलला लोडवर चालणारा ब्रेक व्हॉल्व्ह असेल तर त्याची दांडी जुळवून घ्या, नाहीतर गाडी उंच झालेली बघून त्याला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचा ब्रेक कमी करतो.

प्रश्न : पुढे टॉर्शन बार आहे, फुकटात आवळून दीड इंच वर घेतली. आता छोट्या खड्ड्यातही ठक्क आवाज येतो.

उत्तर : टॉर्शन बार म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई; बार आवळून तो कडक होत नाही, फक्त गाडीची उभी राहायची जागा बदलते. खाली जायचा प्रवास संपलाय, तो ठक्क वरच्या आर्मचा आहे, खालच्या बाजूच्या स्टॉपवर आपटतोय. शिवाय ड्राइव्ह शाफ्टचे (चाक फिरवणाऱ्या दांड्याचे) सीव्ही जॉइंट तिरके चालतायत, त्यांचे बूट (रबरी टोप्या) फाटले नाहीत ना ते आजच बघा. अर्ध्याहून जास्त परत सोडा, आणि खरंच उंची हवी असेल तर बदललेल्या कोनाचे वरचे आर्म आणि वजनाला जुळणारे जाड बार घ्या. त्यानंतर अलाइनमेंट, आणि हेडलाइट खाली वळवून घ्या, समोरच्याच्या डोळ्यात जात असणार.