सव्वाबारा लाखांचा लायका आणि मुलीचं शिक्षण

प्रश्न : मी ४७ वर्षांचा, नाशिकला खासगी कंपनीत नोकरीला. पत्नी शिक्षिका. दोघांचे मिळून महिन्याला १ लाख ६२ हजार रुपये हातात येतात. गृहकर्जाच्या हप्त्यासह घरखर्च १ लाख ४ हजार, एसआयपी ३५ हजार. इक्विटी म्युच्युअल फंडांत २७ लाख, बँकेत एफडी ६ लाख. मुलगी अकरावीत आहे. दोन वर्षांनी तिच्या इंजिनिअरिंगसाठी एकूण १८ लाख लागतील असं धरलंय. मी निकॉनच्या डीएसएलआरवर फोटो काढतो. दरवर्षी त्र्यंबकेश्वरहून निघणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर काही दिवस चालतो, तेच माझं खरं काम. आता लायका या जर्मन कंपनीचा एम ११ कॅमेरा आणि ३५ मिमीची लेन्स घ्यायची आहे. बॉडी ८.७५ लाख, लेन्स ३.५० लाख असं कोटेशन मिळालंय. पैसे फंडातून काढू की २४ महिन्यांच्या हप्त्यांवर घेऊ? लायकाची किंमत उतरत नाही, म्हणजे ही एक गुंतवणूकच ना? जर्मनीतला मावसभाऊ तिकडून स्वस्तात आणतो म्हणतोय. शिवाय एका दुकानात वापरलेला एम १० बिलासह ३.९० लाखांना आहे. जानेवारीत एलआयसीचे २.६० लाख यायचे आहेत, ते कशासाठीही राखलेले नाहीत. वारीचे फोटो मी ए ३ आकारात छापतो, लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे. फोख्टलेंडरची ३५ मिमी लेन्स ८० हजारांना मिळते, आणि डीएसएलआर व दोन लेन्सांचे दुकानदार ८० हजार देतो म्हणालाय. लग्नाच्या ऑर्डरी घेऊनही पैसे वसूल करीन.

उत्तर : आधी निर्णय सांगतो. एम ११ घेऊ नका. रेंजफाइंडर (लायका एमसारखा, वेगळ्या खिडकीतून बघून दोन प्रतिमा जुळवत हाताने फोकस करायचा कॅमेरा) जरूर घ्या, पण पुढच्या आषाढीच्या आधी, वापरलेला, आणि फंडातला एक रुपयाही न मोडता. हे शक्य आहे, आणि तसं झालं तर मला मनापासून आनंद होईल. वर्षानुवर्षं एकाच पालखीबरोबर चालून फोटो काढणाऱ्या माणसाला ‘हौस आवरा’ असं सांगणारा सल्ला मी देणार नाही.

आता फंडाकडे बघू. तुम्ही लिहिलंय २७ लाख, पण त्यातले १८ लाख मुलीचे आहेत. तुमच्या दोघांच्या निवृत्तीसाठी उरतात ९ लाख. सव्वाबारा लाख काढलेत तर निवृत्तीचे नऊही जातील आणि मुलीच्या पैशातले सव्वातीन लाख वर जातील. हा हिशेब तुम्ही पत्रात मांडलेला नाही आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नऊ लाखांचा आकडा लहान वाटतो तो फक्त आज. ते पैसे बारा वर्षं राहिले आणि सरासरी १० टक्क्यांनी वाढले, तर २८ लाखांच्या घरात जातात. महागाई ६ टक्के धरली तर आजच्या भावाने ते साधारण १४ लाख होतात. परताव्याची हमी कुणी देत नाही, पण मोडलेल्या पैशावर परतावा शून्य, एवढं नक्की.

त्यात कर आहे. तुमच्या युनिटमध्ये साधारण ४० टक्के नफा असेल असं धरतो. १२.२५ लाखांची विक्री म्हणजे ४.९० लाखांचा दीर्घकालीन नफा. त्यातले १.२५ लाख करमुक्त, उरलेल्या ३.६५ लाखांवर १२.५ टक्के, वर सेस : एकूण ४७,४५० रुपये. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. सव्वा लाखाची ही सवलत दरवर्षी नव्याने मिळते आणि वापरली नाही तर वाया जाते. मुलीचे १८ लाख आता इक्विटीतून टप्प्याटप्प्याने बाहेर काढायला हवेत, कारण दोन वर्षांवर आलेला खर्च शेअर बाजाराच्या भरवशावर ठेवता येत नाही. एप्रिलच्या अलीकडे थोडे, पलीकडे थोडे असे काढलेत तर प्रत्येक आर्थिक वर्षाची सवलत मुलीच्या कामी येईल. कॅमेऱ्यासाठी विक्री केलीत तर यंदाची सवलत कॅमेरा खाऊन टाकेल. तेव्हा कॅमेरा कोणताही घ्या, हे काम याच महिन्यात सुरू करा. पहिल्या वर्षाची फी आणि वसतिगृहाची रक्कम लिक्विड फंडात किंवा एफडीत आणा.

हप्त्यांचं म्हणाल तर १४ टक्क्यांनी २४ महिन्यांचा हप्ता साधारण ५८,८०० रुपये बसतो आणि व्याजच १ लाख ८६ हजारांवर जातं. तुमच्याकडे महिन्याला उरतात २३ हजार. एफडीचे ६ लाख म्हणजे जेमतेम सहा महिन्यांचा खर्च, तिला हात लावायचा नाही.

मग ‘किंमत उतरत नाही’ या तुमच्या मुद्द्याचं काय? त्यात अर्धं तथ्य आहे, आणि ते नेमकं कुठल्या अर्ध्यात आहे यावर सव्वाबारा लाखांचा निर्णय अवलंबून आहे. लायकाचा एम माउंट, म्हणजे लेन्स बसवायची कडी, १९५४ साली एम ३ बरोबर आला आणि आजही तोच आहे. तेव्हाची लेन्स एम ११ वर बसते, फोकसही होते. म्हणून लेन्सा किंमत धरून राहतात. फिल्मवरच्या बॉडीही धरून राहतात, कारण त्यात जुनं होणारं काही फारसं नसतं. डिजिटल बॉडीत मात्र सेन्सर असतो, इलेक्ट्रॉनिक्स असतं, बॅटरी असते. पहिला डिजिटल रेंजफाइंडर एप्सनचा आर-डी १, साल २००४. मग २००६ मध्ये लायकाचा एम ८ आला. त्याच्या सेन्सरवरचा इन्फ्रारेड फिल्टर इतका पातळ होता की काळं सिंथेटिक कापड फोटोत जांभळट दिसायचं आणि लेन्सवर वेगळा फिल्टर लावावा लागायचा. २००९ चा एम ९ हा फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरचा पहिला डिजिटल रेंजफाइंडर. अमेरिकेत त्याची किंमत जवळपास ७,००० डॉलर होती. पुढे त्याच्या सेन्सरवरची काच गंजू लागली. कंपनीने सुरुवातीला सेन्सर फुकट बदलून दिले, मग पैसे घेऊन, आणि अखेर बदलायला सेन्सरच उरले नाहीत. ज्यांनी तो पिढीजात ठेवा म्हणून घेतला, त्यांच्यापैकी अनेकांच्या हातात कंपनीही दुरुस्त करून न देणारी वस्तू राहिली. एम १० आणि एम ११ मध्ये हा दोष नाही, पण धडा लागू आहे : सेन्सर असलेली बॉडी वापरून संपवायची वस्तू आहे. तिला गुंतवणुकीच्या रकान्यात लिहू नका, खर्चाच्या रकान्यात लिहा. आणि वापरून संपवायचीच तर पहिली मोठी घसरण दुसऱ्या कुणी सोसलेली बॉडी घेणं शहाणपणाचं. एम ९ किंवा एम ८ कुणी स्वस्तात देत असेल तर तिकडे वळू नका.

तुमच्या कामासाठी एम १० मध्ये काय कमी आहे ते मी शोधलं. एम ११ चा सेन्सर ६० मेगापिक्सेलचा, एम १० चा २४. वारीतले फोटो तुम्ही ए ३ आकारात छापता असं लिहिलंय, त्याला २४ पुरून उरतात. रेंजफाइंडर ज्या कारणासाठी हवा असतो, ते दोन्हींत सारखंच आहे. खिडकीतून चौकटीबाहेरचंही दिसतं, त्यामुळे पताका घेऊन कोण चौकटीत येतोय ते आधी कळतं. आवाज कमी, आकार लहान, समोरचा वारकरी बिचकत नाही. अंतराचा अंदाज घेऊन लेन्स आधीच लावून ठेवली की चालता चालता क्लिक करता येतं. आणि मर्यादाही त्याच आहेत : बहुतेक लेन्सांचं रेंजफाइंडरने होणारं सर्वांत जवळचं फोकस ०.७ मीटर, खिडकीतल्या चौकटी १३५ मिमीच्या लेन्सपर्यंतच, ऑटोफोकस नाही. तुमच्या निकॉनच्या लेन्सा इथे रेंजफाइंडरशी जुळणार नाहीत, म्हणजे सुरुवात शून्यातून. लग्नाच्या ऑर्डरी घेऊन पैसे वसूल करीन असं पत्राच्या शेवटी ओझरतं म्हटलंय, ते हिशेबातून काढून टाका. लग्नाला हा कॅमेरा सोयीचा नाही, आणि गिऱ्हाईक कॅमेऱ्याच्या नावाचे पैसे देत नाही.

कोटेशनमध्ये न दिसणारा खर्च फोटो काढून झाल्यावर सुरू होतो. एम ११ ची पूर्ण आकाराची एक डीएनजी (कॅमेऱ्याची मूळ, रॉ) फाइल ७० एमबीच्या पुढे जाते. पालखीच्या एका दिवसात ८०० फ्रेम काढल्यात तर ५६ जीबी. एम १० वर ३० एमबी धरून २४ जीबी. ८ जीबी रॅमच्या तुमच्या लॅपटॉपवर एम ११ च्या फाइली उघडून बघाल तेव्हा नवा लॅपटॉप मागाल, म्हणजे आणखी लाखभर. २४ मेगापिक्सेलच्या फाइली आहे त्या लॅपटॉपवर थोड्या सबुरीने उघडतील. फोटो प्रोसेस करायच्या लाइटरूम या सॉफ्टवेअरचं भाडं दर महिन्याचं आहे. तेच काम करणारं डार्कटेबल फुकट आहे आणि लायकाच्या डीएनजी फाइली नीट वाचतं. शिकायला काही आठवडे लागतात, पण तुमच्याकडे अजून वर्ष आहे आणि निकॉनच्या जुन्या रॉ फाइलींवरच ते शिकता येईल. हार्ड डिस्क मात्र दोन घ्या, एक दुसऱ्या घरात ठेवायला. हा खर्च टाळू नका. कॅमेरा पुन्हा मिळतो, यंदाची पालखी पुन्हा मिळत नाही.

काढताना एक सवय बदलावी लागेल. पांढरे सदरे आणि टोप्या भर उन्हात फोटोत चटकन जळतात, म्हणजे तपशील जाऊन निव्वळ पांढरे होतात, आणि जळालेला पांढरा भाग प्रोसेसिंगमध्ये परत येत नाही. एक्स्पोजर थोडं कमी ठेवून सावल्या नंतर उघडल्या तर एम १० ची फाइल साथ देते. ही सवय आत्ता, डीएसएलआरवर लावून घ्या. फुकट आहे.

आता आकडे. एम १० चे ३.९० लाख. लेन्स लायकाची नको. जपानच्या कोसिनाने बनवलेली फोख्टलेंडरची ३५ मिमी घ्या, तुमच्या पत्रातल्या भावाने ८० हजार. ती लायकाच्या मेनूत आपोआप ओळखली जात नाही, तिच्या जवळची लायकाची लेन्स हाताने निवडावी लागते, एवढंच. दोन हार्ड डिस्क, कार्ड आणि जादा बॅटरीला ३० हजार. एम १० ची बॅटरी आधीच्या एम २४० पेक्षा लहान आहे, वारीत एकीवर भागणार नाही. एकूण ५ लाख. जमा : एलआयसीचे २.६० लाख, डीएसएलआर आणि दोन लेन्सा विकून तुम्हाला दुकानदाराने सांगितलेले ८० हजार, आणि आजपासून दरमहा १५ हजारांचं आवर्ती ठेव खातं, अकरा महिन्यांचे १.६५ लाख. बेरीज ५.०५ लाख, व्याज वेगळं. महिन्याचे उरलेले ८ हजार घरात राहू द्या. डीएसएलआर मात्र शेवटी विका, यंदाचं वर्ष रिकाम्या हाताने काढू नका. आणि कॅमेरा आला की तेच १५ हजार एसआयपीत घाला, कारण ४७ व्या वर्षी निवृत्तीसाठी ९ लाख कमी आहेत आणि ते मला कॅमेऱ्यापेक्षा जास्त टोचतंय.

मावसभावाला नम्रपणे नको म्हणा. जर्मनीतला १९ टक्के व्हॅट परत मिळतो तो युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या प्रवाशाला, तिथे राहणाऱ्या तुमच्या भावाला नाही. इथे उतरल्यावर सवलतीच्या मर्यादेवरच्या रकमेवर सीमाशुल्क भरावं लागेल. ‘कोण बघतंय’ म्हणून गळ्यात अडकवून आणला, तर पकडले जाण्याची जोखीम भावाच्या माथी, आणि तुमच्याकडे इथलं बिल नाही. बिल नसेल तर विम्याचा दावा आणि पुढची विक्री, दोन्ही अवघड.

विमा हवाच. एम मालिकेच्या लेन्सांना पाण्यापासून सील नसतं, आणि तुम्ही आषाढात चालणार. घराच्या विम्यात फिरत्या वस्तूंसाठी ‘ऑल रिस्क’ जोड मिळते का ते विचारा. पावसाचं पाणी, हातातून पडणं आणि घराबाहेरची चोरी हे तिन्ही त्यात येतं का ते लेखी घ्या. पडल्यावर रेंजफाइंडरचं जुळणं बिघडतं, वरून काही दिसत नाही पण फोटो किंचित धूसर येतात. मोठ्या कामासाठी कॅमेरा जर्मनीत वेट्झलरला, लायकाच्या मुख्यालयी जाऊ शकतो, तेव्हा दरवर्षी दहा हजार देखभालीला बाजूला ठेवा.

पैसे देण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली तुमचे डोळे. एम १० च्या व्ह्यूफाइंडरचा नंबर उणे ०.५ ला पक्का असतो, डीएसएलआरसारखं चाक फिरवून बदलता येत नाही. सत्तेचाळिशीत चष्मा असेल तर जोडभिंग लागू शकतं आणि चष्म्यातून ३५ मिमीची चौकट पूर्ण दिसते का ते स्वतः बघायला हवं. त्यासाठी जुन्या बाजारातला यशिका इलेक्ट्रो ३५ सारखा फिल्मचा रेंजफाइंडर काही हजारांत मिळाला तर घ्या आणि दोन रोल काढा. दोन प्रतिमा एकमेकींवर आणून फोकस करणं हाताला रुचलं नाही, तर पाच लाख वाचतील. दुसरी तपासणी दुकानातली. एम १० वर ०.७ मीटरला, तीन मीटरला आणि दूरच्या इमारतीवर फोकस करून फोटो काढा आणि लॅपटॉपवर शंभर टक्के मोठे करून बघा. एफ १६ ला (लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून) पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला की सेन्सरवरचे डाग दिसतील. बिलावर सीरियल नंबर आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या.

दरम्यान दुकानदाराने हा एम १० दुसऱ्याला विकला तर विकू द्या. हे मॉडेल २०१७ पासूनचं आहे आणि वापरलेल्यांच्या बाजारात पुन्हा येत राहील. आगाऊ रक्कम देऊन अडकवून ठेवू नका.